चापावरचं बोट

बीड जिल्ह्यातून आलोय असं सांगितलं की बाहेरगावची मुलं हल्ली विचारतात, "तुमच्याकडे घरोघरी बंदूक असते का रे?" राग येतो, पण प्रश्न काही हवेतून आलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले आणि प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. अशा फोटो-व्हिडिओंमध्ये एक गोष्ट नीट बघा. नुसती पोझ द्यायची असते, तरी बोट बहुतेक वेळा चापावरच असतं!

आता दुसरं चित्र. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकतो. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या होत्या. यांचं बोटही चापावर जातं, पण फक्त गोळी सोडायच्या वेळी. या दोन बोटांमधला फरक म्हणजेच हा लेख. एनसीसीमध्ये फायरिंग करणाऱ्यांना उपयोग होईलच, पण ज्यांनी कधी रायफल हातात धरली नाही त्यांनीही वाचावा. कारण मुळात हा मशीनचा विषय आहे.

चाप म्हणजे नक्की काय?

अनेकांना वाटतं की चाप म्हणजे एखादा स्विच. दाबला की गोळी सुटली. खरं तर तो उंदराच्या पिंजऱ्यासारखा आहे. पिंजऱ्याचं दार स्प्रिंगने ताणलेलं असतं आणि आतला छोटासा आकडा ते अडवून धरतो. उंदराने भजं ओढलं की आकडा सुटतो आणि दार फाटकन बंद! रायफलमध्ये दाराच्या जागी स्ट्रायकर असतो आणि आकड्याच्या जागी सीअर. बोटाने चाप मागे आला की सीअर सरकतो, स्प्रिंग स्ट्रायकरला पुढे ढकलते, तो काडतुसावर आपटतो आणि आतली दारू पेटते.

म्हणजे भरलेली रायफल नुसती टेबलावर पडलेली असली तरी आतली स्प्रिंग ताणलेलीच असू शकते. तिला अडवून धरणारा धातूचा कोपरा किती? बऱ्याचदा एक मिलिमीटरपेक्षाही कमी. मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको की इतक्या छोट्या जागेवर झीज, गंज, घट्ट झालेलं ग्रीस किंवा मातीचा एखादा कण काय करू शकतो.

सेफ्टी लावलीय ना, मग झालं!

नाही झालं. सेफ्टी कॅच हासुद्धा एक मशीनचा भागच आहे. काही रायफलींत तो फक्त चाप अडवतो, काहींत सीअर किंवा स्ट्रायकरही धरून ठेवतो. वापरणाऱ्याला बाहेरून ते कळत नाही.

इथे अमेरिकेतली एक केस सांगावीशी वाटते. रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० ही रायफल १९६२ मध्ये बाजारात आली. तिच्या चापाच्या रचनेत एक वेगळा सुटा भाग होता. तो नीट जागेवर बसला नाही तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते, असा आरोप पुढे कित्येक खटल्यांत झाला. सन २००० मध्ये मोंटाना राज्यात एका आईने रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी सरकवली, गोळी सुटली आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. बोट चापावर नव्हतं, असं त्या कुटुंबाचं म्हणणं. रचनेत दोष आहे हे कंपनीने कायम नाकारलं, पण शेवटी चाप मोफत बदलून देण्याची तडजोड मान्य केली. ही तडजोड २०१८ मध्ये पक्की झाली.

डिझाईन शिकणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी यात मोठा धडा आहेच. पण वापरणाऱ्याचा धडा त्याहून सोपा : सेफ्टी हा दुसरा बंदोबस्त, पहिला नव्हे. पहिला बंदोबस्त म्हणजे नळी नेहमी सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, लाकडावर सरळ. नळीची दिशा बरोबर असेल तर मशीन बिघडलं तरी माणूस वाचतो.

हलका चाप, चांगला चाप?

चाप किती जड हे ग्रॅममध्ये मोजतात. नळी उभी धरून चापाला वजन टांगायचं आणि तो सुटतो का ते बघायचं. इतकी साधी टेस्ट! आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅम लागतो. मेसमधली अर्धा किलोची साखरेची पुडी डोळ्यासमोर आणा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत मात्र किमान वजनाची अट नाही, म्हणून तिथले चाप फारच हलके असतात.

मग आपणही स्क्रू फिरवून हलका करावा का? अजिबात नाही. पिंजऱ्याचा आकडा अगदी टोकावर अडकवला तर उंदीर यायच्या आधीच, कुणी शेजारून चाललं तरी दार पडतं. रायफलमध्ये सीअरची पकड प्रमाणाबाहेर कमी केली तर बोल्ट जोरात बंद केल्यावर किंवा रायफल हातातून पडल्यावर गोळी सुटू शकते. खेळाडूंना हलका चाप परवडतो, कारण रेंजवर हुकूम मिळाल्यावरच काडतूस भरायचं असतं, नळी टार्गेटकडेच असते आणि एरवी चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग घातलेला असतो. ही शिस्त नसेल तर तोच चाप म्हणजे संकट. अ‍ॅडजस्टमेंट जाणकार आर्मररनेच करावी आणि एनसीसीच्या रायफलीला तर हात लावूच नये.

आता बोटाविषयी

एनसीसीत शिकवतात : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि ट्रिगर ऑपरेशन. पहिल्या दोन गोष्टी जमतात, गाडी अडते ती तिसरीवर. साधं गणित करू. दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत अंतर सुमारे १ मीटर धरा. चाप हिसकल्यामुळे टोक १ मिलिमीटर हललं तर २५ मीटरवर गोळी २५ मिलिमीटर बाजूला जाते आणि ५० मीटरवर ५० मिलिमीटर. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे कुसळेच्या नळीला एक-दोन दशांश मिलिमीटरचीच सूट!

म्हणून बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर ठेवायचा, सांध्याची घडी नाही. बाकीचं बोट लाकडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर ते रायफलच बाजूला ढकलतं. दाब सरळ मागे आणि हळूहळू वाढवत न्यायचा. दोन टप्प्यांचा चाप असेल तर 'पहिल्या खिंचावा'त ढिलाई काढून थांबायचं, श्वास थोडा सोडून रोखायचा आणि मग दुसरा. आठ-दहा सेकंदांत शॉट जमला नाही तर बोट बाहेर काढायचं, श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरुवात. गोळी सुटल्यावरही बोट लगेच सोडायचं नाही, क्षणभर तसंच धरायचं. इन्स्ट्रक्टरसमोर, रिकामी असल्याची खात्री केलेल्या रायफलवर याचा सराव काडतूस न उडवताही करता येतो.

आणि शेवटी…

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात लग्न-वरातीतल्या धोकादायक गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गोळी परवानाधारक बंदुकीतून सुटली तरी माफी नाही. वर गेलेली गोळी खाली येतेच, हे तर फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्येही पास होण्यापुरतं आहे.

चांगला नेमबाज जेवढा वेळ चाप ओढतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बोट बाहेर ठेवतो. तेव्हा सुट्टीत गावाकडे कुणी "धर रे बंदूक, फोटो काढू" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. आणि एनसीसीच्या रेंजवर शेजारच्या कॅडेटचं बोट हुकमाआधी आत दिसलं तर लाजू नका, मोठ्याने सांगा, "बोट बाहेर!"