पेशीच्या गोदामातील मिठाचा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला असे घरचे समजतात आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. तेव्हा ‘जिवंत पेशीतील क्लोराईड कसे मोजतात’ या विषयावर मी लेखणी उचललेली पाहून विज्ञान शाखेच्या मित्रांना हसू येईल. पण हा विषय मला प्रयोगशाळेत भेटला नाही. तो आमच्या तांदळाच्या दुकानात भेटला. म्हणून आधी दुकानाची हकिगत सांगतो.

आमचे दुकान पुढे आणि गोदाम मागे, मध्ये एक दार. गोदामातला माल बँकेकडे तारण असल्यामुळे त्याचा साठा वहीत वेगळा दाखवावा लागतो. गेल्या मार्चअखेर साठा मोजण्याचे काम वडिलांनी माझ्यावर सोपवले. मी दोन्हीकडची पोती एका दमात मोजली. एकूण ४१२ भरली. वहीतही ४१२ होती. मी खूश होऊन ‘गोदाम ३००, दुकान ११२’ हे जुनेच आकडे पुढे ओढले. चार दिवसांनी बँकेचा माणूस आला. त्याने गोदाम मोजले, तर पोती २८६! चौदा पोती कमी. गोदामाची किल्ली आमच्या जुन्या हमालकाकांकडे असते. वीस वर्षे ते आमच्याकडे आहेत. तरी सर्वांच्या देखत मी त्यांना विचारले, ‘काका, पोती कुठं गेली?’ विचारण्याचा सूर कसा होता, ते मला आठवते आणि आजही लाज वाटते. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, ‘लेक्क बरोबर ऐति, जागा तप्पैति.’ म्हणजे हिशेब बरोबर आहे, जागा चुकली आहे. खरेच, ती चौदा पोती सणाच्या गर्दीत पुढे दुकानात आणलेली होती आणि तिथेच पडून होती.

त्या दिवसापासून वडिलांनी एक साधी युक्ती केली. गोदामाला कुलूप लावून दुकानातल्या प्रत्येक पोत्यावर काव फासली. काव लागलेले पोते बाहेरचे, कोरे पोते आतले. मे महिन्याच्या सुट्टीत माझा मावसभाऊ आला. तो धारवाडला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतो. पोत्यांवरचे तांबडे पट्टे पाहून तो म्हणाला, ‘अरे, हे तर आमचे शिफ्ट रिएजंट!’ पुढचे दोन दिवस त्याने मला जे समजावले, ते माझ्या भाषेत येथे मांडतो.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराईड. ‘उप्पिगिंत रुचि इल्ल, तायिगिंत बंधु इल्ल’ अशी कन्नडमध्ये म्हण आहे. मिठापरती चव नाही, आईपरते नाते नाही. मिठातल्या सोडियमची चर्चा रक्तदाबामुळे घरोघरी होते. क्लोराईड मात्र मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखे दुर्लक्षित राहते. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर त्याचा आकडा असतो. निरोगी माणसात तो लिटरला साधारण ९६ ते १०६ मिलिमोल. पण हा आकडा रक्तातील द्रवाचा, म्हणजे पेशींच्या बाहेरचा. पेशीच्या आत किती आहे, हे त्या कागदावर नसते. आमच्या भाषेत सांगायचे तर तो दुकानाचा साठा झाला, गोदामाचा नव्हे.

आतला आकडा कशाला हवा, असे कोणी विचारील. तांबड्या रक्तपेशीचेच पाहा. शरीरात तयार झालेला कर्बवायू वाहून नेताना ही पेशी बायकार्बोनेट बाहेर देते आणि बदल्यात क्लोराईड आत घेते. फुफ्फुसात पोचल्यावर हाच व्यवहार उलटा होतो. या देवघेवीसाठी एका पेशीच्या आवरणावर ‘बँड ३’ नावाच्या प्रथिनाची सुमारे दहा लाख दारे असतात. मेंदूतले उदाहरण याहून बोलके आहे. ‘गाबा’ नावाचे रसायन चेतापेशीतील क्लोराईडचे दार उघडते. आत क्लोराईड कमी असेल तर ते बाहेरून आत शिरते आणि पेशी शांत होते. आत जास्त असेल तर ते बाहेर पडते आणि तीच पेशी चेतवली जाते. दार तेच, किल्ली तीच; परिणाम मात्र आतल्या शिलकीवर अवलंबून. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात तर क्लोराईडचे एक दारच बिघडलेले असते. त्या दाराचे जनुक १९८९ साली सापडले. आजही या रोगाच्या निदानासाठी मुलाच्या घामातील क्लोराईड मोजतात. लिटरला ६० मिलिमोल किंवा अधिक भरले तर हा रोग असण्याचा संभव मोठा.

आता पेशी न फोडता आत मोजायचे कसे? येथे चुंबकीय अनुनाद, म्हणजे एन.एम.आर., मदतीला येतो. काही अणूंची केंद्रके लहानशा लोहचुंबकासारखी वागतात. त्यांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले की प्रत्येक जातीचे केंद्रक ठराविक रेडिओलहरींना प्रतिसाद देते. जशी आकाशवाणीच्या प्रत्येक केंद्राची जागा ठरलेली, तसेच हे. ज्या चुंबकात हायड्रोजन ५०० मेगाहर्ट्झवर बोलतो, त्यातच क्लोरीन-३५ सुमारे ४९ मेगाहर्ट्झवर बोलते. निसर्गातल्या क्लोरीनपैकी सुमारे ७६ टक्के या ३५ जातीचे असते, त्यामुळे बाहेरून काही मिसळावे लागत नाही. १९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी हा अनुनाद स्वतंत्रपणे दाखवला आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले.

या संकेताचा आलेख काढला की शिखरे दिसतात आणि शिखराखालचे क्षेत्रफळ केंद्रकांच्या संख्येच्या प्रमाणात असते. म्हणजे आलेख ही एक प्रकारची खतावणीच. १९५१ मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी मद्यार्काच्या हायड्रोजनची तीन शिखरे वेगळी दाखवली आणि त्यांची क्षेत्रफळे ३:२:१ या प्रमाणात भरली, अगदी रेणूतल्या हायड्रोजनच्या संख्येप्रमाणे. यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी या विषयाचे काम उभे केले. धर्मट्टी हे नाव वाचून आपल्या भागातल्या वाचकाला थोडे बरे वाटले, तर तो दोष नव्हे.

येथपर्यंत सोपे. अडचण अशी की, पेशीच्या आतले क्लोराईड आणि बाहेरचे क्लोराईड एकाच जागी बोलतात. दोन्हींचे शिखर एकच. एकूण ४१२ कळले, पण गोदामात किती आणि दुकानात किती, ते कळत नाही. माझी मार्चअखेरची चूक ती हीच!

येथे काव लागते, आणि ती काव म्हणजे धातूचा संयुग्म. कोबाल्टच्या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू बसलेले असतात आणि तो द्राव गुलाबी दिसतो. त्यात भरपूर क्लोराईड घातले की पाण्याच्या जागी क्लोराईड येऊन बसते आणि रंग निळा होतो. ओलावा दाखवणाऱ्या निळ्या खड्यांची पुडी दमट हवेत गुलाबी होते, त्यामागे हाच कोबाल्ट आहे. तात्पर्य, क्लोराईडला कोबाल्टजवळ बसायला जागा मिळते. या कोबाल्टमध्ये जोडीदार नसलेले तीन इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यामुळे तो स्वतःच एक जोरकस चुंबक असतो. जे क्लोराईड क्षणभर त्याच्याजवळ बसते, त्याची आलेखातील जागा सरकते. एक उठते, दुसरे बसते. ही बसऊठ इतकी जलद चालते की बाहेरच्या सर्वच क्लोराईडचे शिखर बाजूला सरकलेले दिसते. कोबाल्टला मात्र पेशीच्या आवरणातून सहज आत जाता येत नाही. त्यामुळे आतले शिखर जागच्या जागी राहते. एकाची दोन शिखरे झाली. आता दोन्ही क्षेत्रफळे वेगळी मोजा.

सोडियमसाठी ही युक्ती आधी झाली होती. १९८२ मध्ये राज गुप्ता आणि प्रतिमा गुप्ता यांनी डिस्प्रोसियम धातूचा ट्रायपॉलिफॉस्फेटशी झालेला संयुग्म वापरून पेशीच्या आतले व बाहेरचे सोडियम वेगळे दाखवले. पण तो संयुग्म ऋणभारित. धनभारित सोडियम त्याच्याकडे ओढले जाते, ऋणभारित क्लोराईड त्याच्याजवळ फिरकत नाही. क्लोराईडला वेगळी काव हवी होती. १९९२ मध्ये याइर शाखर-हिल आणि रॉबर्ट शुलमन यांनी त्यासाठी कोबाल्ट वापरण्याची रीत प्रसिद्ध केली.

येथे लेख संपवता आला असता. पण हिशेब लिहिणाऱ्याने त्रुटीही लिहाव्यात. पहिली त्रुटी अशी की पेशीतले काही क्लोराईड प्रथिनांना चिकटलेले असते. त्याचे शिखर इतके पसरट होते की जमिनीत मिसळून दिसेनासे होते. काळोख्या कोपऱ्यातली पोती मोजणीतून निसटावीत, तसे हे. म्हणून दुसऱ्या रीतीने ताळा पाहिल्याशिवाय आकडा छापू नये. दुसरी गोष्ट, क्षेत्रफळावरून संख्या कळते. लिटरला किती हे सांगायचे तर पेशींचे आतले आकारमानही माहीत हवे. तिसरी त्रुटी सर्वांत मोठी. कोबाल्ट पेशीला निरुपद्रवी नाही; तो कॅल्शियमची दारे अडवतो. म्हणून ही रीत परीक्षानळीतल्या पेशींसाठी, खाटेवरच्या रुग्णासाठी नव्हे. २०१४ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी ७ टेस्ला चुंबकात जिवंत माणसाच्या स्नायूतील व मेंदूतील क्लोराईडची चित्रे घेतली खरी. पण त्यांत काव नव्हती, त्यामुळे आतले आणि बाहेरचे पुन्हा एकाच खात्यात आले.

मावसभावाने हे सर्व सांगितले तेव्हा हमालकाका शेजारीच पोत्यावर बसले होते. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये त्यांना थोडक्यात समजावले. ते हसले आणि म्हणाले, एवढे शिकलेले लोकसुद्धा आधी जागा बघतात, मग माणसाला विचारतात, बरे झाले.

मी मान खाली घातली. यंदाच्या मार्चअखेर मी गोदाम वेगळे मोजले, दुकान वेगळे मोजले आणि बेरीज सर्वांत शेवटी केली.