रेणूंमधील पकड आणि प्रतिमानाचा अधिकार

लखनौच्या अमीनाबादेतील कुल्फी हाती घेताच विरघळू लागते. या अवधीत तिच्यातील पाण्याचा एकही रेणू मोडत नाही. रेणूंची परस्परांवरील पकड तेवढी सैल होते. या पकडीची प्रतिमाने कशावर उभी आहेत, हा प्रश्न केवळ भौतिकीचा नव्हे. ‘प्रतिमान’ ही संज्ञा साहित्याभ्यासातही वावरते, आणि वैज्ञानिक प्रतिमान म्हणजे सिद्ध झालेले सत्य, असा समज तिच्याबरोबर नकळत येतो.

विद्युतदृष्ट्या उदासीन रेणूही परस्परांना ओढतात, हे व्हान डर वाल्स यांनी १८७३ च्या प्रबंधात गृहीत धरले होते. त्याचे कारण फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये पुंजयामिकीच्या आधारे दिले. रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी सतत ढळत असते. त्यातून क्षणिक द्विध्रुव उद्भवतो. त्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होते. शेजारच्या रेणूत त्याने प्रेरित केलेल्या द्विध्रुवाचा परतीचा प्रभावही त्याच प्रमाणात घटतो. तीन आणि तीन मिळून सहा. अंतर दुप्पट झाले की आकर्षण-ऊर्जा १/६४ उरते. हा सहा सिद्धान्तातून निघालेला आहे.

लेनर्ड-जोन्स यांच्या नावाने रूढ असलेल्या सूत्रात या सहाशेजारी प्रतिकर्षणाचा बारा बसतो. प्रतिकर्षणामागे पाउली यांचे अपवर्जन तत्त्व आहे खरे, परंतु त्यातून बारा हा घातांक निघत नाही. तो टिकला, कारण सहाव्या घाताचा वर्ग केला की बारावा मिळतो आणि आकडेमोड वाचते. (यात लाजण्यासारखे काही नाही, छंदातही सोयीच्या मात्रा असतातच.) मात्र दोन्ही पदांचा अधिकार सारखा नाही, आणि सूत्राच्या रूपावरून तो भेद ओळखू येत नाही.

कुल्फीतील पाण्याला एवढेही पुरत नाही. हायड्रोजन-बंधाला दिशा असते. वरील सूत्र केवळ अंतर जाणते. म्हणून बर्नाल व फाउलर यांनी १९३३ मध्ये पाण्याच्या रेणूत बिंदुप्रभार कल्पिले. अशा प्रभारांच्या जागा व मूल्ये पुष्कळदा मोजमापांशी जुळवूनच ठरतात.

या जुळवणीच्या तुलनेत पुण्याच्या राजीव पाठक आणि श्रीधर गद्रे यांचे १९९० मधील प्रमेय निराळ्या जातीचे आहे. अणुकेंद्रके वगळता रेणूच्या स्थिरविद्युत विभवाला कोठेही स्थानिक शिखर असू शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. ऋण खळगे मात्र असू शकतात. पाण्याच्या रेणूत असा खळगा ऑक्सिजनच्या बाजूला असतो, आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन तिकडेच कलतो.