विहिरीचे पाणी आणि काळा पाषाण

एका शेतातील विहीर फाल्गुनातच तळ दाखविते. बांधापलीकडच्या विहिरीत मात्र वैशाखापर्यंत पुरुषभर पाणी असते. या भेदाचे कारण दैवात नसून जमिनीच्या पोटातील खडकात आहे. कर्ज काढून खोदलेली विहीर कोरडी निघाली, तर पैसा व पीक दोन्ही जातात आणि कर्ज तेवढे उरते. म्हणून खोदाईपूर्वी खडकाची ओळख करून घेणे अगत्याचे होय.

महाराष्ट्राचा बहुतेक प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर पडला व थरावर थर साचत गेले. सह्याद्रीच्या कड्यांवर हे थर पायऱ्यांसारखे आजही दिसतात. थराचा मधला व खालचा भाग सामान्यतः घट्ट असतो. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या व पुढे त्यांपैकी अनेकींत पांढरी खनिजे भरली. हाच मांजऱ्या खडक. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या गेरूचा पट्टाही आढळतो.

घट्ट पाषाणास चिरा नसतील, तर त्यात पाणी जवळजवळ राहत नाही. पाणी साठते ते मुरमात, चिरा पडलेल्या पाषाणात आणि झिजलेल्या मांजऱ्यात. जमिनीखाली नद्या वाहतात, ही समजूत या प्रदेशास लागू पडत नाही. विहिरीतील पाणी म्हणजे मुख्यतः गेल्या काही पावसाळ्यांत मुरलेले पाणीच होय. खोल बोअर घेतल्याने नवे पाणी निर्माण होत नाही. पुष्कळदा शेजाऱ्याच्याच विहिरीचे पाणी ओढले जाते.

आता पावसाचा हिशेब पाहावा. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना थंड होतात व त्यांतील बाष्पाचा पाऊस होतो. त्यामुळे महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील पर्जन्यछायेत अनेक ठिकाणी तो ५०० मिलिमीटरांच्या आसपासच असतो. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. त्या मानाने ५०० मिलिमीटर म्हणजे ५० लाख लिटर. यातील बराच भाग हवेत उडून जातो, काही नाल्याने वाहून जातो. दहावा हिस्सा खडकात मुरला असे धरले, तर ५ लाख लिटर हाती येतात. पिकास साडेसात सेंटिमीटरांची एक पाळी देण्यास हेक्टरी साडेसात लाख लिटर लागतात! म्हणजे त्या शेतात मुरलेले पाणी त्याच शेतास एका पाळीलाही पुरे पडत नाही. विहीर चालते ती आसपासच्या पडीक जमिनी, माळ व डोंगरउतार यांवर मुरणाऱ्या पाण्यावर.

यातून पुढील गोष्टी ओघाने येतात. विहिरीची जागा ठरविण्यापूर्वी आसपासच्या विहिरींच्या बाजूस दिसणारे थर पाहावेत, मुरमाची जाडी मोजावी आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा. माथ्यापासून पायथ्याकडे समपातळीचे चर, बांध व नालाबांध घालून वाहते पाणी अडवावे. पावसाळा संपताच, ऑक्टोबरात, दोरीस खूण करून प्रत्येक विहिरीची पातळी मोजावी व रब्बीची पिके त्या मापाने ठरवावीत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने हाच मार्ग धरला. तेथे पाणलोटाची कामे झाली, शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी झाली, आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविण्याची प्रथा पडली.

ग्रामसेवकांनी विहिरींची मापे ग्रामपंचायतीच्या फलकावर दरसाल लिहावीत. खडक सर्वांचा एकच आहे. त्यातील पाण्याचा हिशेबही सर्वांनी मिळूनच ठेवला पाहिजे.