गाडीच्या नाकाची गोष्ट

बालमित्रांनो, गाडीचं तोंड तर तुम्ही रोजच पाहता. पेट्रोल ओततो ते तोंड! धूर सोडणारा सायलेन्सर म्हणजे तिचं शेपूट. पण गाडीचं नाक कुठे असतं, सांगा बरं?

आमच्या चौथीच्या वर्गात मी हे विचारलं, तेव्हा एकाने हेडलाइट सांगितला, एकीने हॉर्न. मागच्या बाकावरचा एक जण मात्र चटकन म्हणाला, "मॅडम, सीटखाली! माझ्या दादानं ते काढूनच टाकलं."

त्या दादाची गोष्ट सांगायची आहेच. पण आधी गाडीला नाक लागतं कशाला ते पाहू.

चूल फुंकणीने फुंकली की भडकते, कारण जाळाला हवेतला प्राणवायू मिळतो. इंजिनाच्या पोटातही पेट्रोल जळतच असतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ १५ किलो हवा लागते. आता तुम्ही म्हणाल, हवा का कुणी तराजूत मोजतं? मग लिटरमध्ये मोजू. एक लिटर पेट्रोलला सुमारे ९,००० लिटर हवा! २० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच अशा वर्गखोलीत जेवढी हवा मावते, तेवढी सगळी एका मोटारसायकलच्या भरल्या टाकीबरोबर संपते. पेट्रोलचे पैसे आपण मोजतो म्हणून ते लक्षात राहतं. हवा फुकट, म्हणून तिच्याकडे लक्षच जात नाही.

आणि ही हवा येते कुठून? पांदणीवरून, वावरातून, मुरमाच्या रस्त्यावरून. पुढे ट्रक असला म्हणजे बघायलाच नको. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन काढणी सुरू झाली की थ्रेशरच्या आसपास कुटाराचा नुसता धुरळा असतो. हिंगणघाटच्या जिनिंगजवळून गेलात तर कापसाचे तंतू हवेत तरंगताना दिसतील. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूचा कण लोखंडापेक्षाही कठीण असतो. इंजिनातला पिस्टन सिलिंडरमध्ये मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. मध्ये वाळू शिरली म्हणजे पॉलिशपेपरने घासल्यासारखंच की!

म्हणून कंपनी गाडीच्या नाकात केस बसवते. त्याला म्हणतात एअर फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो घड्या घातलेल्या कागदाचा असतो. घड्या कशाला? एक वर्तमानपत्र घ्या, पंख्यासारख्या बारीक घड्या घाला. एवढा मोठा कागद इवल्याशा जागेत बसतो ना? जागा कमी, पण हवा जायला कागद भरपूर.

फिल्टर ज्या डब्यात बसवतात त्या डब्यालाही काम असतं. हवा ओढताना इंजिन मोठा आवाज करतं, तो डबा गिळतो. शिवाय त्याचं तोंड अशा जागी ठेवलेलं असतं की चाकाचा चिखल आणि पावसाचं पाणी सहसा आत जाऊ नये.

आता दादाची गोष्ट. हा दादा रोज पहाटे दोन कॅन दूध गाडीला अडकवून गावातून वर्ध्याला नेतो. नदीचा चढ लागला की गाडी दमायची. त्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं की एअर फिल्टर काढला की पिकअप वाढतो. दादा काही मूर्ख नव्हता हं! त्याचा विचार अर्धा बरोबर होता. फिल्टर म्हणजे वाटेतला अडथळाच. तोंडावर रुमालाच्या चार घड्या धरून पळून बघा, दम लवकर लागतो. अडथळा काढला की हवा जास्त येणार, हे खरंच आहे.

अर्धा विचार राहिला तो असा. गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र असतं, त्याला जेट म्हणतात. ते कंपनीने फिल्टर आणि डबा धरूनच ठरवलेलं असतं. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर इंजिन तापतं, मधेच फटफट करतं, कधी कधी आधीपेक्षाही मरगळतं. मग मिस्त्री मोठा जेट टाकून देतो. तसा त्याने टाकलाही. पण जेट मोठा म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे अ‍ॅव्हरेज कमी! एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत पेट्रोलचं प्रमाण छोटा कॉम्प्युटर ठरवतो. तो थोडंफार सांभाळून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहेच.

खरं सांगायचं तर स्वच्छ फिल्टरमुळे साध्या गाडीची ताकद फारशी अडत नाही. डबा काढला की आवाज मात्र "घूंऽऽऽ" असा मोठा होतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, काय पळतेय गाडी! शाळेवरून गाडी गेली की आमचा तास दोन मिनिटं थांबायचा.

दिवाळीत डबा काढला. होळीच्या सुमाराला गाडीच्या मागे निळसर धूर दिसायला लागला. निळा धूर म्हणजे पेट्रोलबरोबर इंजिनातलं ऑइलही जळतंय. मी मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, "काहून बिघडली म्हणता मॅडम? श्वासासंग माती खाल्ली नं तिनं!" पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे होते. बोअर करून नवा पिस्टन टाकावा लागला. तोवर आठ दिवस दूध बाबांच्या सायकलवरून गेलं, आणि माझा विद्यार्थी पहाटे सायकलला मागून हात द्यायला जायचा म्हणून वर्गात पेंगायचा.

म्हणजे नाकाला हातच लावू नये का? तसं नाही. लोक नाना तऱ्हेचे बदल करतात, पण प्रत्येक बदलाचं काहीतरी द्यावं लागतं. कारचंच घ्या. काही जण डबा काढून बॉनेटखाली उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवतात. काही शंकूंत तेल लावलेली सुती जाळी असते. आपल्या कापसाचा हा उपयोग तुम्हाला ठाऊक नसेल! त्यातून हवा सहज जाते, पण जाळी जितकी मोकळी तितकी बारीक धूळ निसटायची भीती जास्त. शिवाय बॉनेटखालची हवा इंजिनाच्या उष्णतेने तापलेली असते आणि तापलेली हवा विरळ असते. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो ना? त्या हवेत २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के प्राणवायू कमी असतो. बॉनेटखाली तर आणखी गरम! मग मोकळ्या फिल्टरचा फायदा राहिला कुठे?

यावर उपाय म्हणून नळी पुढे बंपरपाशी नेतात. तिथे थंड हवा मिळते. पण पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असेल तर तीच नळी पाणी ओढते. हवा दाबली तर दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि लोखंडी दांडा वाकतो! जंगलात फिरणाऱ्या जीपगाड्यांना म्हणून टपापर्यंत उंच सोंड लावतात. पालकांनो, सोंड असली तरी रपट्यावर गाडी घालू नका. नाक कोरडं राहील, पण गाडी वाहून जाईल.

ट्रॅक्टरचं नाक बघितलंत का? ते बहुधा उंच असतं, कारण चाकाची धूळ खाली दाट आणि वर विरळ असते. जुन्या ट्रॅक्टरमध्ये कागदाऐवजी तेलाचं भांडं असतं. हवा नळीतून खाली येते, तेलावर आपटते आणि एकदम वर वळते. हवा हलकी, ती वळते. धूळ जड, ती तेलात बसते. मग ओल्या तारेच्या जाळीतून हवा इंजिनात जाते. मला ही युक्ती फार आवडते. मात्र तेल खुणेपेक्षा जास्त भरायचं नाही. जास्त भरलं तर डिझेल इंजिन तेच तेल ओढून जाळायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

नाकासाठी केलेली सगळ्यात गमतीची तडजोड मात्र आकाशातली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची स्पिटफायर विमानं उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात गेली. वाळूपासून इंजिन वाचवायला त्यांच्या नाकाखाली व्होक्स नावाचा भलाथोरला फिल्टर बसवला. इंजिन वाचलं, पण विमान बेढब झालं आणि त्याचा वेग घटला. लढाईत वेग घटणं म्हणजे जिवाशी गाठ! मग १९४२ मध्ये इजिप्तमधल्या आबुकीरच्या कार्यशाळेतल्या कारागिरांनी लहान, सुटसुटीत फिल्टर तयार केला. पुढच्या स्पिटफायरमध्ये तर वैमानिकाजवळ एक दांडाच आला. उडताना, उतरताना आणि धुळीत असताना हवा फिल्टरमधून घ्यायची, उंचावरच्या स्वच्छ हवेत थेट घ्यायची.

आमच्या दादाजवळ असा दांडा नव्हता. आता त्याने डबा परत बसवलाय, जेटही पहिलाच. चढावर गाडी अजून दमते. म्हणून तो एक कॅन आधी वर पोचवतो आणि दुसऱ्यासाठी परत येतो. फिल्टर काढून झटकायचं काम धाकट्याकडे आहे, दर रविवारी. किती दिवसांनी नवा टाकायचा ते गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. धुळीच्या गावात त्याच्याही आधी बदललेला बरा.

आम्ही वर्गात एक प्रयोगही केला. दोन पांढऱ्या बश्या घेतल्या. एकीला खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवला, दुसरी कोरडी ठेवली. दोन्ही रस्त्याकडच्या खिडकीत दिवसभर ठेवल्या. संध्याकाळी दोन्हींवर हलकेच फुंकर मारली. कोरड्या बशीवरची धूळ उडाली. तेलाच्या बशीवर बोटाने आमच्या शाळेचं नाव लिहिता आलं! तुम्हीही करून बघा, आणि तुमच्या बशीवर काय काय जमलं, धूळ की कुटार की कापूस, ते संपादकांच्या पत्त्यावर मला जरूर कळवा.