सुई खरी, नकाशा वादाचा

‘चीनमध्ये भूल न देता, नुसत्या सुया टोचून ऑपरेशन करतात’ हे वाक्य गेली पन्नासएक वर्षे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. त्यामागे बहुतेकदा जेम्स रेस्टन यांची गोष्ट असते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे हे पत्रकार जुलै १९७१ मध्ये बीजिंगमध्ये होते आणि तिथे त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. पण रेस्टन यांनी स्वतः लिहिले ते वेगळेच आहे. ऑपरेशनच्या वेळी त्यांना भुलीची नेहमीची इंजेक्शने दिली होती. सुया आल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा. उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, पोटाजवळ वनौषधीची धुरी धरली आणि तासाभरात पोट हलके झाले. एका माणसाचा एक अनुभव, तोही शस्त्रक्रियेनंतरचा. पण सांगणाऱ्यांनी सुया थेट ऑपरेशनच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

महाराष्ट्रात आणखी एक गल्लत ऐकू येते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले होते, म्हणून ॲक्युपंक्चर त्यांनी भारतात आणले असे काहींना वाटते. कोटणीस शल्यचिकित्सक होते, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. ही विद्या शिकून कोलकात्यात आणली ती त्याच वैद्यकीय पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनला पुन्हा जाऊन.

‘शरीरातले ऊर्जामार्ग आता विज्ञानाने सिद्ध केले आहेत’

नाही. ॲक्युपंक्चरच्या तक्त्यावर दिसणाऱ्या त्या रेषा शवविच्छेदनात सापडत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीही नाहीत. उत्तर कोरियाच्या किम बोंग-हान यांनी १९६० च्या दशकात अशा नलिका सापडल्याचा दावा केला होता. त्याला वैद्यकशास्त्रात मान्यता मिळाली नाही. त्याहून बोलका प्रसंग १९९८ चा. पायाच्या करंगळीजवळचा ‘डोळ्यांचा बिंदू’ उत्तेजित केला की मेंदूचा दृष्टीचा भाग जागा होतो, असा निबंध मेंदूच्या स्कॅनच्या आधारे एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात छापून आला. तक्ता खरा ठरला म्हणून अनेकांनी टाळ्या पिटल्या. २००६ मध्ये त्याच संशोधकांपैकी बहुतेकांनी तो निष्कर्ष मागे घेतला. माघारीची बातमी मात्र टाळ्या पिटणाऱ्यांपर्यंत फारशी पोचली नाही.

‘मग हे सगळे मनाचेच खेळ’

ही उडीही तितकीच चुकीची. सुई टोचली की शरीर गप्प बसत नाही. १९७० च्या दशकातच दिसून आले होते की मॉर्फिनसारख्या द्रव्यांची वाट अडवणारे नालोक्सोन हे औषध दिले तर सुईने मिळणारा वेदनाशमनाचा परिणाम कमी होतो; म्हणजे शरीर स्वतःची वेदनाशामके सोडत असावे. २०१० मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या गटाने उंदरांच्या गुडघ्याखाली सुई टोचून ती फिरवली. त्या जागी ॲडेनोसिन हे द्रव्य कितीतरी पटींनी वाढले. ज्या उंदरांत ॲडेनोसिनचा ठरावीक ग्राहक-रेणू मुळातच नव्हता, त्यांच्या वेदनेत फरक पडला नाही.

२०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास तर दोन्ही पक्षांची पंचाईत करतो. उंदरांच्या मागच्या पायातील एका बिंदूवर सुईतून सौम्य विद्युतप्रवाह सोडला, तेव्हा संदेश व्हेगस नावाच्या चेतातंतूतून अधिवृक्क ग्रंथीपर्यंत गेला आणि जंतूंच्या विषाने भडकलेला दाह उतरला. पोटावरच्या बिंदूवर तेवढ्याच प्रवाहाने हे घडले नाही. म्हणजे जागेला अर्थ आहे. पण कारण ऊर्जामार्ग नव्हे, तर त्या ऊतीत विशिष्ट प्रकारचे चेतातंतू आहेत की नाहीत, हे. अर्थात हे उंदीर होते आणि सुईत वीज होती. तुमच्या कंबरदुखीचा पुरावा म्हणून ते दाखवता येणार नाही.

‘योग्य बिंदू सापडला की गुण येतोच’

खरी गोम इथे आहे. सुईचा परिणाम तपासायचा तर तुलनेला खोटी सुई हवी. त्यासाठी दोन युक्त्या निघाल्या: तक्त्याबाहेरच्या जागी सुया वरवर टोचायच्या, किंवा नाटकातल्या खंजिरासारखी, टेकवताच मुठीत मागे सरकणारी सुई वापरायची.

पहिली युक्ती जर्मनीने भव्य प्रमाणावर वापरली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते, सरासरी आठ वर्षे दुखणे काढलेले. सहा महिन्यांनी ‘खऱ्या’ ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना लक्षणीय आराम होता, ‘खोट्या’ने ४४.२ टक्क्यांना, आणि औषधे व व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी अवघ्या २७.४ टक्क्यांना. भक्तांनी पहिला आणि तिसरा आकडा उचलला, टीकाकारांनी पहिला आणि दुसरा. तिन्ही एकत्र वाचले तर दिसते ते असे, की सुया टोचून घेणाऱ्यांना फायदा झाला, मात्र त्या कुठे टोचल्या याने फारसे बिघडले नाही. शिवाय जे उपचार वर्षानुवर्षे करून थकले, तेच पुन्हा वाट्याला आलेल्यांची निराशा तिसऱ्या आकड्यात मिसळलेली असणार, असे मला वाटते.

अशा ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची एकत्रित माहिती २०१८ मध्ये पुन्हा तपासली गेली. जुनाट वेदनेत खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली, पण थोडीच. काहीच न टोचण्यापेक्षा मात्र बरीच. या दोन फरकांमधले अंतर कशाने भरते याचा अंदाज हार्वर्डच्या टेड कॅपचक यांच्या प्रयोगातून येतो. आतड्याच्या संवेदनशीलतेचा त्रास असलेल्या २६२ रुग्णांपैकी कुणालाच सुरुवातीच्या टप्प्यात खरी सुई टोचली नाही. नुसत्या प्रतीक्षायादीतल्या २८ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला, खोट्या सुईने ४४ टक्क्यांना, आणि खोट्या सुईसोबत उपचारकाने आपुलकीने, वेळ देऊन विचारपूस केली तेव्हा ६२ टक्क्यांना. आपल्या दोन मिनिटांच्या ओपीडीवर यापेक्षा कडक टीका मी वाचलेली नाही.

वेदनेबाहेर चित्र ठिकठिकाणी बदलते. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर मनगटाच्या आतल्या बाजूचा बिंदू उपयोगी पडतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. आयव्हीएफचे तसे नाही: ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ८४८ स्त्रियांच्या चाचणीत मूल होण्याचे प्रमाण खऱ्या सुईने १८.३ आणि खोट्या सुईने १७.८ टक्के आले. हा फरक नगण्य आहे. तरीही त्या नावाने पॅकेजे विकली जातात. मधुमेह, कर्करोग ‘मुळापासून बरा’ करण्याच्या जाहिरातींना तर काहीच आधार नाही.

‘साइड इफेक्ट शून्य’ हेही खरे नाही. जर्मनीत सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत सुमारे ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला. बहुतेक किरकोळ, रक्ताचा थेंब, काळानिळा डाग, दुखरेपणा. फुफ्फुसाला सुई लागण्याचे प्रकार अतिशय विरळ, पण दोन रुग्णांत घडलेच.

जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी किंवा अर्धशिशीसाठी करून पाहायला हरकत नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. उपचारकाची नोंदणी विचारायला संकोचू नका. सुया सीलबंद आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. किती बैठकांनंतर फरक दिसायला हवा हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या आणि तोवर दिसला नाही तर थांबा. चालू औषधे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.