नावांच्या खुणेवरून लिंकन घराणे

१८५९ साली अब्राहम लिंकन यांनी स्वतःची छोटीशी ओळख लिहून दिली, तेव्हा आजोबांच्या मागचे त्यांना फारसे सांगता आले नाही. न्यू इंग्लंडमधल्या लिंकनांशी नाते जुळते का, हे पाहिले गेले होते. हाती लागली ती नुसती नावे. मोर्देकाय, सॉलोमन, अब्राहम. दोन्हीकडे तीच.

ती खूण खरी होती. पुढे संशोधकांनी जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे धुंडाळून साखळी जुळवली. मूळ पुरुष सॅम्युएल हा विणकर तरुण. १६३७ मध्ये तो इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आला. वंशज न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया करत केंटकीला पोचले.

तिथे १७८६ मध्ये शेतात काम करताना आजोबा मूलनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. ही त्या लोकांची शिकारीची भूमी होती, हे विसरता येत नाही. धाकटा मुलगा थॉमस, म्हणजे लिंकन यांचे वडील, तेव्हा बापाजवळच होता. वारसा कायद्याने थोरल्याकडे गेला. थॉमस मजुरी करत वाढला.

पुढे थॉमसने केंटकीत जमीन घेतली, पण तिथले मालकी हक्क कायम वादात. १८१६ मध्ये तो इंडियानाला निघाला. तिथे सरकारी मोजणी झालेली होती, हक्क पक्का मिळत होता. सोबत सात वर्षांचा अब्राहम होता.