जुन्या दुनळी बंदुकांचे जतन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन व बर्मिंगहॅम येथील कारागिरांनी घडविलेल्या दुनळी शिकारी बंदुका आज अनेक वस्तुसंग्रहालयांत व खाजगी संग्रहांत आढळतात. आपल्याकडील संस्थानिकांनीही त्या हौसेने मागविल्या होत्या. या बंदुकांना ओलाव्यापासून धोका असतो, तसाच तो अजाणतेपणी केलेल्या साफसफाईपासूनही असतो. यांपैकी गंज वेळीच थोपविता येतो. परंतु घासून नाहीसा केलेला पृष्ठभाग पुन्हा आणता येत नाही.

याचे कारण नळ्यांच्या घडणीत आहे. त्या काळच्या पुष्कळ नळ्या ‘दमास्कस’ पद्धतीच्या असत. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्यांना पीळ देऊन, त्या सळईभोवती वेटाळून, तापवून व ठोकून एकजीव केल्या जात. पृष्ठभागावरील नागमोडी नक्षी उठून दिसावी म्हणून नळीला मुद्दाम नियंत्रित गंज चढवीत. म्हणजेच तिचा तपकिरी रंग हा एक प्रकारचा गंजच होय. काचकागदाने किंवा अम्लाने तो काढणारा मनुष्य गंजाबरोबर मूळ काम व नळीवरील ठसेही नष्ट करतो. हे ठसे म्हणजे बंदुकीचा लेखी पुरावाच समजावा. उदाहरणार्थ, तोंडाशी किंचित आकुंचित केलेल्या इंग्रजी नळ्यांवर १८७५ ते १८८७ या काळात ‘नॉट फॉर बॉल’ ही अक्षरे उमटवीत; त्यांवरून नळीचा काळ ठरविता येतो.

आता गंजाच्या कारणाकडे वळू. काळी दारू जळाल्यावर पोटॅशियमचे क्षार मागे राहतात. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड उरते. मिठाप्रमाणेच तेही दमट हवेत ओलावा धरून ठेवते आणि लोखंड खाऊ लागते. हा क्षार पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. म्हणून अशी काडतुसे उडविलेल्या नळीत नुसते तेल फिरविल्यास क्षार तेलाखाली तसाच राहतो. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करून आतून ऊन पाण्याने धुवाव्या, पूर्ण कोरड्या कराव्या आणि मगच तेलाचा अगदी पातळ थर द्यावा.

सापेक्ष आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांच्या वर गेली की गंज झपाट्याने वाढतो. हवा फार कोरडी झाली, तर अक्रोडाच्या दस्त्याला चिरा पडतात. दोहोंचा मेळ घालून ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ती स्थिर राखणे इष्ट. कोकणात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्याही वर जाते. तेथे बंद कपाटात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी तापवून सुकवावे. मूळ चामडी पेटी जपावी, पण बंदूक तीत कायमची ठेवू नये. चामडे व आतील लोकर ओलावा धरतात. हाताच्या घामातही क्षार असल्याने हातमोजे वापरावे.

तेलाचेही प्रमाण हवे. बंदूक तोंड वर करून ठेवल्यास जादा तेल यंत्रातून ओघळून दस्त्याच्या माथ्यात मुरते. लाकूड काळे पडून मऊ होते. म्हणून ती तोंड खाली करून ठेवणे बरे. दोन नळ्यांमधील पट्टी मऊ डाकाने जोडलेली असते. नवीन बंदुकांना निळसर रंग देण्याची कढत क्षाराची पद्धत येथे योजल्यास डाक खाल्ला जातो आणि पट्टीखाली अडकलेले क्षार आतून गंज चढवितात.

शेवटी सुरक्षिततेविषयी. हात लावण्यापूर्वी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. काळ्या दारूसाठी बनविलेली नळी कितीही सुस्थितीत दिसली, तरी अधिकृत परीक्षणाशिवाय तीत आजचे काडतूस घालू नये. जतनाचा नियम थोडक्यात असा : जे करावयाचे ते कमीत कमी करावे, पुन्हा पालटता येईल असे करावे, आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी.